दोन उरांची ओवी

गाणाऱ्याला त्याची पट्टी कधी विचारू नये. हमखास खोटं सांगतो. मुद्दाम नव्हे, त्याला मनापासून तसं वाटत असतं. पट्टी म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून गायचं ते. रेल्वेतला धट्टाकट्टा फायरमन असो की शाळेतला हडकुळा मास्तर, विचारलं की छाती पुढं काढून म्हणणार, "पांढरी चार!" नाटकातले नामांकित नट त्या पट्टीत गातात असं त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. मग अंतऱ्याला गेल्यावर मानेच्या शिरा ताणल्या की माझ्याकडं असा बघतो, जणू मीच त्याचा गळा धरलाय. म्हणून मी विचारतच नसे. माणूस दुकानात आला की चहा सांगायचा आणि त्याला बोलू द्यायचं. थोडं बोलला की त्याचा सा कुठं बसलाय ते आपोआप कळतं.

लोणावळ्याच्या बाजारात माझं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. घाटमाथ्याची हवा पावसाळ्यात इतकी ओली, की लाकूड फुगून पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहायच्या. त्यामुळं कामाला तोटा नव्हता. उरलेल्या वेळात मी साथीला जायचो. कीर्तन, भजन, शाळेचं संमेलन, हवापालटाला आलेल्या बड्या लोकांच्या बंगल्यावरच्या बैठका, कुठंही.

मासिकाच्या संपादकसाहेबांनी पत्र पाठवलंय की कारकीर्द लिहा. कारकीर्द कसली डोंबलाची! साथीदाराला कारकीर्द नसते, गिऱ्हाइकं असतात. एक वकीलसाहेब दर उन्हाळ्यात बंगल्यावर येत आणि मला बोलावून घेत. बेसूर झाले की थांबत आणि म्हणत, "मास्तर, पेटीत ओल शिरलेली दिसते." मी मुकाट्यानं पेटी उघडून आत फुंकर मारायचो आणि पुन्हा बंद करायचो. "आता बघा, कशी बोलते!" म्हणायचे. एक कीर्तनकारबुवा होते, त्यांना पद आठवेनासं झालं की ते डोळे मिटून भक्तीत बुडायचे, आणि बुवा तळाला जाऊन परत येईपर्यंत मी वाजवत बसायचं. असल्या लोकांच्या जिवावर माझा संसार झाला. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आमचं काम बाहेरच्याला सोपं दिसतं. एका हातानं भाता हलवायचा, दुसऱ्यानं पट्ट्या दाबायच्या. खरं काम कानाचं असतं. गाणारा कुठं दम घेणार हे साथीदाराला त्याच्या आधी कळावं लागतं. तो श्वास घेतो तेवढ्यात पेटीनं सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला मधली फट दिसता कामा नये. फटी बुजवण्यात मी वाकबगार होतो. दम्याच्या माणसालासुद्धा मी पूर्ण अभंग गायला लावलेला आहे, आणि लोक म्हणाले होते, काय दमसास आहे! पण एका दुपारी माझी ती हुशारी चारचौघांत उघडी पडली.

लढाईचे दिवस होते. ब्लॅकआउटमुळं खिडक्यांना काळे कागद लागलेले, सूर्य मावळला की गाव गपगार. रात्रीची गाणी बंद झाली म्हणून आमच्या रेल्वे कॉलनीतल्या गायन मंडळानं शाळेच्या मोठ्या खोलीत भर दुपारी कार्यक्रम ठरवला. पार्सल ऑफिसातले नाना त्याचे पुढारी. नानांनी त्यात एक टूम काढली. प्रत्येकानं आपलं स्वतःचं गाणं म्हणायचं. नाटकातलं, तबकडीवरचं चालणार नाही. ज्या गाण्यात आपला जीव अडकलाय तेच गायचं, का अडकलाय ते एका वाक्यात सांगायचं, आणि एक गात असताना बाकीच्यांनी मागं बसून त्याला सूर द्यायचा.

"मास्तर, साथ सगळ्यांना तुमची," नाना म्हणाले.

"अहो पण असली गाणी मला कुठं येतात?"

"म्हणून तर तुम्ही!"

त्यांचं काय जातंय! माझ्या दुकानात रोज एकेक जण येऊन आपलं गाणं शिकवून जाऊ लागला. नानांनी थोरल्या बहिणीचा पाळणा आणला. आमचा तबलजी रहीमभाई वडिलांकडून ऐकलेली एक फकिरी चीज गाणार होता. एक गोवेकर ड्रायव्हर त्याच्या गावच्या देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, गाणं घेऊन आला. सगळं बसत गेलं. बसेना फक्त महादूचं.

महादू म्हणजे स्टेशनावरचा सांधेवाला. गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणं हे त्याचं काम. मूळचा कार्ल्याच्या बाजूचा, शेतकऱ्याचा पोर. आईबाप गेलेले. पाठची बहीण सरू, तिला घेऊन तो रेल्वेच्या खोलीत राहायचा. भजनात महादूचा आवाज लागला की बायाबापड्या टाळ विसरायच्या, असा गळा. पण आदल्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. कित्येक महिने दवाखान्यात होता. बरा होऊन आला, डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? 'क्षय झालाय, घराण्यातच हाय,' असं कुणीतरी म्हणालं आणि ते घाटाखाली, घाटावर सगळीकडं पसरलं.

नेमकं त्याच वेळी सरूचं लग्न ठरलेलं. इंद्रायणीच्या पैलथडीच्या गावातले तुकाराम आबा, त्यांचा मुलगा. आबा म्हणजे त्या गावच्या भजनी मंडळाचे पुढारी, पखवाजाचे जाणकार, शब्दाचे पक्के. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. ही कुणकुण त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी निरोप धाडला. महादूनं तो मला जसाच्या तसा सांगितला.

"आबा म्हनले, म्या डाक्टरच्या कागदावर इस्वास ठेवत न्हाई. पोराला गाताना ऐकतो. छाती पोकळ असली तर गळा सांगल. मग सुपारीचं बोलू."

म्हणजे हे गाणं फसलं की सरूचं लग्न मोडलं. आणि क्षयाच्या नावानं एकदा लग्न मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतो?

मी म्हणालो, "महादू, अरे मग शहाण्यासारखं छोटंसं काहीतरी घे. आखूड चरणांचा अभंग घे. मी संभाळतो."

"न्हाई मास्तर. माजं म्हनून गानं येकच हाय. आयची ववी."

त्याची आई जात्यावर ओव्या रचायची. सरू नांदायला निघेल तेव्हा म्हणायच्या म्हणून तिनं काही ओव्या करून ठेवल्या होत्या. सरूचं लग्न निघायच्या आधीच ती गेली. महादू लहानपणी पहाटे आईच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याशेजारी पडलेला असायचा, तेव्हा त्याच्या कानात त्या बसल्या. आता लग्नात त्या म्हणणारं घरात कुणीच नव्हतं.

"पन सरूला कळू देऊ नका," तो म्हणाला. "तिला आताच रडवायचं न्हाई. आबांच्या म्होरं गाईन तवाच तिनं ती पैल्यांदा ऐकावी."

म्हणून तालीम माझ्या दुकानात, दार लोटून.

पहिली ओवी अशी:

*सरत्या दळनाची, ऱ्हाऊ दे मूठभर*
*लेक निघाली नांदाया, थांब सूर्वा घटकाभर*

आणि दुसरी:

*वाटंला आडवी इंद्रायनी, उतार दे गं बाई*
*माज्या मैनेला, पान्याची सवं न्हाई*

ओव्या सोन्यासारख्या. पण गाणं एका जागी अडकलं. पहिली ओळ लांबवत लांबवत तो शेवटच्या अक्षरावर नेऊन सोडायचा, आणि ते अक्षर संपायच्या आत दुसरी ओळ सुरू व्हायची. मध्ये श्वासाला जागाच नाही. दर वेळी तिथं येऊन महादूचा दम संपायचा, आवाज चिरकायचा आणि खोकला यायचा. मी पट्टी उतरवून पाहिली. लय ओढून पाहिली. रहीमभाईनं तबल्यावर हात ठेवला आणि डोकं खाजवत म्हणाला, "मास्टर, इस में सम किधर है? ये तो गोल गोल घूमता है!"

"जरा थांब, मग दुसरी ओळ उचल," मी महादूला सांगितलं.

"थांबलं की ती ववीच ऱ्हात न्हाई, मास्तर. आय कुटं थांबायची?"

शेवटी तो भिंतीला टेकून बसला. छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लोक म्हनत्यात ते खरं असंल. आयला जमायचं ते मला जमत न्हाई म्हंजे छाती गेलीच."

मी त्याला झापलं. पण खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. मी मनाशी ठरवलं, त्या जागेवर भाता असा भरायचा की ब्रह्मदेवाच्या बापाला फट ऐकू येऊ नये.

कार्यक्रमाच्या दिवशी खोली गच्च भरली. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं, मध्ये जाण्यायेण्यापुरती वाट. पुढच्या सतरंजीवर तुकाराम आबा. पांढरं मुंडासं, मांडीवर काढून ठेवलेलं उपरणं, त्यावर दोन्ही हात. बायकांत त्यांची बायको भागूबाई, कपाळभर कुंकू आणि मोजकं बोलणारी. तिच्या मागं दोन रांगा सोडून सरू, मान खाली घालून. सासरची माणसं समोर असताना लग्न ठरलेल्या पोरीनं वर बघायचीसुद्धा सोय नव्हती.

नानांचा पाळणा झाला. मागं बसलेल्या सगळ्यांनी त्याला सूर दिला. रहीमभाई गायला आणि गाता गाता रडला. गोवेकर ड्रायव्हरच्या गाण्यातला शब्द कुणाला कळला नाही, पण सगळे गुणगुणले. स्टेशनात गाडी थांबली, घाट उतरायच्या आधी सगळ्या थांबतात तशी. तिची शिटी मधेच आली तर ड्रायव्हर गाता गाताच म्हणाला, "वेळेवर आली!" आणि खोली हसली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे मागच्या रांगेतल्या महादूवर होते.

मग नाना म्हणाले, "आता महादू."

महादू पुढं येऊन बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. एका वाक्यात सांगायचं होतं, तो म्हणाला, "ही माज्या आयची." बस्स.

मी सा धरला. त्यानं पहिली ओळ उचलली. देवा, काय आवाज लागला होता! जुना महादू परत आला असं वाटलं. *सरत्या दळनाची, ऱ्हाऊ दे मूठभर...* शेवटचं अक्षर लांबलं. ती जागा आली. त्याच्या गळ्याच्या शिरेवर माझी नजर होती. मी भाता भरला, सूर दाबून धरला, त्या सुराआड त्यानं घाईघाईत श्वास ओढला आणि दुसरी ओळ कशीबशी पकडली. निभावलं! बाहेर कुणाला काही कळलं नाही असं मला वाटलं.

तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"मास्तर, पेटी बंद करा."

खोली चिडीचूप झाली. नाना अर्धवट उठले. "आबा, अहो कार्यक्रम चालू आहे..."

"म्हाईत हाय. पेटी लय ग्वाड वाजवत्यात मास्तर, पर म्या पेटी ऐकाया आलो न्हाई. पोराचा गळा येकटा ऐकू द्या मला."

माझे कान तापले. इतकी वर्षं फटी बुजवल्या, कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी महादूकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. काय करणार? मी भाता मिटला आणि खटका लावला. तो खटक्याचा आवाज त्या शांततेत केवढा मोठा वाटला मला. रहीमभाईनंही तबल्यावरून हात काढून घेतले.

महादूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकट्यानं. मागचे गाणारेही घाबरून गप्प बसले होते.

*सरत्या दळनाची, ऱ्हाऊ दे मूठभर...*

शेवटचं अक्षर लांबत चाललं. आता ती जागा येणार. माझी बोटं मिटल्या पेटीवर आपोआप दाबली जात होती. महादूचे खांदे वर आले, तोंड उघडलं आणि दुसरी ओळ आलीच नाही. नुसती हवा आली. मग तो खोकला. एकदा, मग पुन्हा. आबांनी मांडीवरचं उपरणं उचलून खांद्यावर टाकलं. निघणाऱ्या माणसानं टाकावं तसं. संपलं सगळं, मी मनात म्हणालो. पोरीचं वाटोळं झालं.

आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला.

*लेक निघाली नांदाया, थांब सूर्वा घटकाभर...*

कोवळा, पण ताठ आवाज. सुरुवातीला कुणाचा ते कळेना. मग बायकांच्या माना मागं वळल्या. सरू! मान तशीच खाली, पदर कपाळावर ओढलेला, पण गात होती. भर सभेत, पुरुषांच्या समोर, होणाऱ्या सासऱ्याच्या समोर. एक म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बया, हिला लाज बी न्हाई का!" मला वाटलं, झालं, क्षयानं मोडायचं ते लग्न आता आगाऊपणानं मोडणार.

पण माझ्या कानानं दुसरंच काहीतरी पकडलं होतं. महादूचं शेवटचं अक्षर ज्या सुरावर तुटलं होतं, नेमक्या त्याच सुरावरून तिनं ओळ उचलली होती. मधला खोकला सोडला तर फट उरली नव्हती. तालमीत जी जागा आम्हाला छळत होती, ती जागाच नाहीशी झाली होती.

महादू थक्क होऊन तिकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तिची ओळ चालू असताना त्यानं पोट भरून श्वास घेतला, निवांत, आणि तिचं अक्षर संपता संपता दुसरी ओवी उचलली.

*वाटंला आडवी इंद्रायनी, उतार दे गं बाई...*

केवढा भरदार! उठायला टेकलेला आबांचा हात तिथंच राहिला. आता पाळी सरूची. पुढची ओळ तिची, तिच्याच निघण्याची. *माज्या मैनेला...* एवढे शब्द आले आणि गळा भरून आला. पोर थांबली. पदर तोंडात कोंबून रडायला लागली. महादूनं सुटत आलेलं आपलं अक्षर पुन्हा धरलं आणि लांबवत नेलं, तो तिच्यासाठी ते सोडत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला. त्याचा दम संपला असता तर पुन्हा खोकला, आणि मग दोघांचंही हसं.

तेव्हा भागूबाईनं तोंड उघडलं. जागेवरून हलली नाही. आवाज जाडाभरडा, जात्यावर घासलेला.

*पैलथडी सासू हुबी, लेक भिजायाची न्हाई...*

ओवी पुरी झाली. ती आईची ओळ नव्हती. भागूबाईला आईची ओळ ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिनं त्या घडीला, बसल्या जागी, स्वतःची जोडली होती. खोलीत टाळी पडली नाही. बायका मात्र एकदम डोळे पुसायला लागल्या. मघा सरूला नावं ठेवणारी म्हातारीसुद्धा.

आबा बायकोकडं वळले. जरा रागानंच म्हणाले, "ह्ये काय, तू मदीच?"

"मदी न्हाई. पाळी हुती," भागूबाई म्हणाली. मग ती आमच्याकडं वळली, महादूकडं आणि माझ्याकडं. "अन तुमा बाप्या मानसांना येवढं बी कळंना व्हय? जात्याला समोरासमोर दोन बाया बसत्यात. येकीनं टाकायची, दुसरीनं झेलायची. येक गाती तवा दुसरी दम खाती. ही दोन उरांची ववी हाय. येकटा पोरगा दोघींचं दळन दळाया बसला तर धापा टाकनारच की! त्याच्या छातीला कशापायी बोल लावता?"

मी खाली बघितलं. पेटी घेऊन आयुष्य गेलं माझं, आणि रोज पहाटे शेजारच्या घरातलं जातं ऐकत मी जागा होत असे. दोन आवाज असायचे हे माझ्या कानाला कधी वेगळं जाणवलं नव्हतं. महादूला तरी कुठं जाणवलं? मांडीवर डोळे मिटून पडलेल्या पोराला समोरच्या बाईची ओळसुद्धा आईचीच वाटायची. मोठा होऊन तो रेल्वेत लागला आणि मग आईच्या समोरच्या जागी खुंट्याला हात लावून बसायची ती सरू. दुसरी ओळ ठाऊक असलेलं एकच माणूस, आणि आम्ही तिच्यापासूनच ती लपवून ठेवली होती.

आबांनी मुंडासं नीट केलं. मग महादूला म्हणाले, "आता पुन्ना म्हन. तुजी तेवढी ओळ."

महादूनं म्हटली. पूर्ण, शेवटपर्यंत, न अडखळता. आबांनी मांडीवर ठेका धरला.

"छाती साबूत हाय," ते म्हणाले. पण अजून मन मानेना. जाणकार माणसाचं असंच असतं, एकदा पुरेसं वाटत नाही. "तरी सुपारीचं घरी जाऊन, समदे मिळून..."

भागूबाई उठली. बायकांच्या रांगा ओलांडून मागं गेली, रडणाऱ्या सरूला दंडाला धरून उभं केलं आणि आपल्याजवळ पुढं आणून बसवलं. सगळ्या सभेदेखत. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी ऐकत बसा पोराची छाती. म्या माजी सून ऐकली."

आबांनी उपरणं खांद्यावरून काढून पुन्हा मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "मास्तर, उगडा आता पेटी." मी खटका काढला, भाता उघडला, पण तिकडं त्या दोघी आईची पहिली ओवी पुन्हा धरून बसल्या होत्या, एक टाकत होती, दुसरी झेलत होती. मी वाजवलं नाही. माझी तिथं काही गरज नव्हती. आयुष्यात एवढं बरं मला क्वचितच वाटलंय.

लग्न झालं. पुढं त्या गावच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला निघाली तेव्हा मी पैलथडीला मुक्कामी गेलो होतो. पहाटे आबांच्या ओसरीवर जागा झालो तर आत जातं चाललेलं. मी पांघरूण बाजूला सारून कान देऊन बसलो. थोड्या वेळानं मला समजलं की आत आता आईची इंद्रायणीची ओवी चालू आहे. पहिली ओळ सरूनं टाकली. दुसरी भागूबाईनं झेलली, आपलीच, सभेत जोडलेली. सरूच्या आईची 'पान्याची सवं न्हाई' ही ओळ त्या घरात कुणी म्हणतच नव्हतं. तिची गरज उरली नव्हती.